शेठला तू सगळं शिकवलंस, एवढं सोडून

तुमच्या घरात नवरा गेलेली बाई असेल, तर तिच्या मनगटावर आज काय आहे, हे उठून न बघता सांगू शकाल का?

अक्का, हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, तुला नाही. तुझ्या मनगटावर काय होतं ते मला नीट माहीत आहे. ते आता माझ्या टेबलावर एका वाटीत आहे. हिरव्या काचेच्या साध्या बांगड्या, भांडी घासून घासून चमक गेलेल्या. वाटीपलीकडे पिंजरा, पिंजऱ्यात शेठ. माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसलाय, तुरा ताठ, अंग चोरून. तुला जाऊन महिनाही झालेला नाही आणि जळगावच्या या एका खोलीत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत अडकून पडलो आहोत.

तू माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हणत आले. धुळ्याच्या गल्लीतल्या घरात पुढच्या दोन खोल्या तुझ्या नि तुझ्या यजमानांच्या, म्हणजे दादांच्या. मागच्या दोन तुझ्या जावेच्या, सुमनकाकूंच्या. चूल एक, अंगण एक, भांडी घासायची मोरी एक. आणि शेठ म्हणजे बाहेरदेशी जातीचा राखाडी पोपट, पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणतात. गल्लीतल्या एकाने हौसेने आणला, पुण्याला बदली झाली तेव्हा तुझ्या ओट्यावर ठेवून निघून गेला. नाव तू ठेवलंस. "लगीनमा फेटा बांधेल शेठ दिसस," म्हणालीस.

इतका भित्रा शेठ गल्लीने पाहिला नव्हता. केरसुणीची जागा बदलली तरी त्याचा तुरा उभा. माझी लाल पिशवी दिसली की फडफड. दादांनी नवा चष्मा केला तर दोन दिवस तो दादांकडे पाठ करून बसला, आणि दादा बिचारे शेठसमोर जुना, काडीला दोरा बांधलेला चष्मा घालून पेपर वाचायचे.

त्याची प्लास्टिकची वाटी तडकली तेव्हा मी तिथे होते. तू नवी स्टीलची आणलीस. शेठ तिच्याजवळ जाईना. मी म्हटलं, ठेव आत, भूक लागली की खाईल आपोआप. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी काहीतरी घाण बोलले.

"भूक लागनी म्हनीसन खाई, ते खानं नई. ते हारनं शे."

मग तू तडकलेली वाटी परत आत ठेवलीस आणि नवी समोरच्या खिडकीत, पार लांब. त्याचा तुरा खाली बसला की वाटी जराशी अलीकडे. तुरा उठला की परत मागे, न बोलता, न रागावता. मधेच त्या वाटीतले शेंगदाणे तू स्वतः खायचीस, त्याच्यासमोर, मजेत. "देख शेठ, मी खाई ऱ्हायनू. माले काही व्हयनं का?" किती दिवस हे चाललं ते मी मोजलं नाही. एका दुपारी वाटी पिंजऱ्यात होती आणि शेठ तिच्यात तोंड घालून बाजरी फोडत होता. तू टाळी वाजवली नाहीस. उठलीस आणि भाकरी थापायला गेलीस.

मी वाढले पत्रकांमध्ये. बाबा कुठल्या ना कुठल्या लढ्यात असायचे आणि घरात नेहमी पत्रकांचे गठ्ठे. घड्या घालायला आम्ही पोरं. मला वाचायला शिकवलं ते त्या जाड अक्षरांनीच. बाकीच्या मुलींना 'कमल नमन कर' येत होतं तेव्हा मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. उरलेली पत्रकं तू मागून न्यायचीस, पिंजऱ्याच्या तळाशी घालायला. "तुना बापना बठ्ठा विचार शेठना पायखाले," म्हणायचीस, आणि बाबा खो खो हसायचे.

मी कॉलेजात गेल्यावर तुझ्याशी पहिलं भांडण केलं ते याच पिंजऱ्यावरून. पिंजरा ठेवणं हेच चूक, मी म्हटलं. सोड त्याला. तू दार उघडलंस. खरंच उघडलंस. शेठ दारापाशी आला, बाहेर बघितलं, अंगणातल्या तारेवर कावळा बसला होता, आणि तो परत आत जाऊन कोपऱ्याला चिकटला.

"सोडी दिन्हा. आते सांग, जाई कथा?"

ज्याचं रान या देशातच नाही त्याला कुठे सोडायचं? पण मी हरले असं तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. ज्याने पहिल्यांदा त्याला पिंजऱ्यात जन्माला घातलं त्याच्याशी माझं भांडण आहे. तू फक्त उरलेलं सांभाळत होतीस.

मग दादा गेले.

आपल्याकडे बांगड्या फोडल्या असं म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. ज्या कामाला खरं नाव द्यायची लाज वाटते ते काम माणसं करतात तरी कशाला, हे मी त्या दिवशी ओट्यावर उभी राहून विचारलं होतं, मोठ्याने. बायांनी मला बाजूला सारलं. तुझं कपाळ पुसलं, हात मोकळे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दाणे घेऊन हात पिंजऱ्यात घातलास आणि शेठ किंचाळला. तुझा हात त्याने ओळखलाच नाही. बांगड्यांच्या आवाजाने तो तुला ओळखायचा, त्या हिरव्या रंगामागून येणाऱ्या बोटांतून खायचा. ते मोकळं, पांढुरकं मनगट त्याला कुणा परक्याचं वाटलं. तो गजांवर आपटत राहिला, पंखाचं कोवळं पीस मोडलं, तळाच्या पत्रकावर रक्ताचे थेंब पडले. त्या दिवशी तो जेवला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मग तू डबा काढलास. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भरून उरलेल्या बांगड्या त्यात होत्या. तू त्या चढवल्यास आणि हात पिंजऱ्यात घातलास. तो आला आणि खाऊ लागला. मागे सुमनकाकू उभ्या होत्या.

"बाई, हाई काय?"

"शेठ खात नई. उघडा हातनं त्याले भ्याव वाटस."

काकूंनी पोपटाकडे बघितलं. तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दादासना जीव व्हता त्यावर. उपाशी ठेवाले नको."

एवढंच. ज्या रिवाजापुढे माझी सगळी भाषणं खाली पडली होती, तो एका पोपटापुढे वाकला. गल्लीतली कुणी बाई आली आणि तिची नजर तुझ्या हाताकडे गेली की काकू आधीच सांगायच्या, "पोपटकरता घालेल शेत बरं, शौक नई." बाई मान डोलवायची. मी ते ऐकून जळायचे. शौक नाही म्हणजे काय? शौक असता तर काय तुरुंगात टाकलं असतं?

आणि ती सवलत घराच्या उंबऱ्यापर्यंतच होती. बाजारात जाताना तू पदर मनगटावर ओढून घ्यायचीस. लग्नाला जाणं तू बंदच केलंस, कारण तिथे शेठ नव्हता, सबब चालली नसती. शिरपूरला तुझ्या भाचीचं लग्न झालं तेव्हा तू निरोप धाडलास की पोपट एकटा राहत नाही. लोकांना ते खरं वाटलं. हळूहळू सगळं त्या पोपटावर जाऊ लागलं, अक्का. पोपट राहत नाही, पोपट घाबरतो, पोपटाला चालत नाही. तुझ्या तोंडून 'मला' हा शब्दच ऐकू येईनासा झाला.

आपलं खरं भांडण झालं ते अंगणात, तू मेथी निवडत होतीस तेव्हा.

मी म्हटलं, "एकदा सरळ सांग ना. मला आवडतात म्हणून घालते. बस."

"तू सांगी ऱ्हायनीस ते बराबर शे."

"मग सांग."

"तू संध्याकाळनी एसटीमा बसशी. मी आठेच ऱ्हासू." तू काडी बाजूला टाकलीस. "सुमनसंगे बोलनं बंद व्हयनं ते एक मोरीमा दोन बाया भांडा कशा घासतीन? सांग. तुना पत्रकमा लिखेल शे का ते?"

"म्हणजे तू घाबरतेस. आणि तुझी भीती त्या मुक्या जिवाच्या नावावर टाकतेस."

"त्यानी काही तक्रार करी नई अजून."

तू हसलीस. मी उठून गेले. रागाच्या भरात पत्रक लिहिलं, तुझं नाव न घेता: ज्या बाईला स्वतःची आवड सांगायला पोपट लागतो तिच्या घराबद्दल. पुढच्या खेपेला आले तर ते पिंजऱ्याच्या तळाशी होतं, अक्षरं खाली करून. मला ते फार लागलं.

"चांगलं लिखेल शे," तू म्हणालीस. "पन सुमनले वाचता येस. म्हनीसन पालथं घालं."

तुझं हेच मला सहन होत नव्हतं, आणि याच्यामुळेच मी परत परत यायचे. तू माझं लिहिलेलं वाचायचीस, खरं मानायचीस, आणि पालथं घालायचीस.

एक मात्र मला कधी कळलं नाही. शेठला तू सगळ्याची सवय लावत गेलीस. मिक्सरचा आवाज, छत्री, पिसं बघायला आलेल्या डॉक्टरांचा टॉवेल, दिवाळीतला आकाशकंदील, माझी ती लाल पिशवीसुद्धा. प्रत्येक गोष्ट लांबून जवळ, त्याच्या तुऱ्याच्या हुकमाने. शेवटी तो काकूंच्या हातावरही बसायला लागला. पण मी दाणे घेऊन पुढे झाले की तू मधे यायचीस. "तू नको. तुनी घाई त्याले समजस." मला वाटायचं, तुला मत्सर आहे. मी वर्षानुवर्षं त्या घरात येत होते आणि शेठने माझ्या हातून एक दाणा घेतला नव्हता.

माझ्या हातात बांगड्या नसतात. कधीच नव्हत्या. दहावीला असताना मी ठरवलं की ज्या वस्तू नवऱ्याच्या जिवावर घालायच्या आणि नवऱ्याबरोबर उतरवायच्या त्या मला नकोत. तू म्हणाली होतीस, बरं. नकोत तर नकोत. कारण विचारलं नाहीस.

तू गेलीस त्या दुपारी मी नि बाबा पोचलो तोवर बायांनी पाणी तापवलं होतं. काकू तुझ्याजवळ बसल्या होत्या, हाताला साबण लावून. तुझं मनगट त्यांच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, राहू द्या. काकूंनी वर बघितलं नाही.

"आते पोपट कोठे देखी ऱ्हायना?"

"पोपटाचं सोडा, काकू. तिला आवडायच्या."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं, आणि ते ऐकायला तू नव्हतीस. काकूंचा हात थांबला.

"ते माले बी माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "इतला वरीस मी काय आंधळी व्हती? येनारा-जानारासले पोपटनं नाव कोन सांगे? मीच ना?"

"मग राहू द्या ना."

"बाहेर बठ्ठी गल्ली बठेल शे, पोरी. त्यासले आते काय सांगू?"

मी परत सांगितलं, ओरडून सांगितलं, बाबा दारातून म्हणाले, वहिनी, राहू द्या हो. काकू रडत होत्या आणि त्यांचे हात काम करत होते. त्यांनी एकही बांगडी फुटू दिली नाही. एकेक काढली, आपल्या पदराने पुसली, माझ्या हातात ठेवली. मला त्यांचा राग येत होता, आणि त्याच वेळी मला दिसत होतं की तुला इतकी वर्षं झाकून ठेवणारी बाई हीच आहे. तुम्ही दोघी एका मोरीवर बसून भांडी घासत होतात, दोघींना सगळं माहीत होतं, आणि दोघी एकमेकींशी पोपटाबद्दल बोलत होतात. हे घर कोणी बांधलं, अक्का? त्याचं दार कुठे आहे?

शेठला मी घेऊन आले. मांडीवर पिंजरा, वरून तुझं लुगडं. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं काढू का?" पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजोबांनी लुगडं जरासं उचलून बघितलं.

"बोलस का?"

"नाही."

"मंग कसाले पाळा?"

सांगायला गेले असते तर जळगाव आलं असतं.

इथे पहिल्या सकाळी मी दाणे घेऊन हात आत घातला आणि शेठ गजांवर आपटला. अगदी तसाच, दादा गेल्यानंतर आपटला होता तसा. मी हात काढून घेतला, माझ्या मनगटाकडे बघितलं, आणि मला कळलं.

मिक्सर शिकवलास, छत्री शिकवलीस, टॉवेल शिकवलास. मोकळं मनगट तेवढं शिकवलं नाहीस. शिकवता येत नव्हतं म्हणून नव्हे. माझं मोकळं मनगट महिन्यातून दोनदा तुझ्या अंगणात येत होतं. लांबून जवळ आणायला किती वेळ लागला असता? पण काकूंच्या देखत, गल्लीच्या देखत, शेठने माझ्या उघड्या हातातून एक दाणा खाल्ला असता, तर त्या संध्याकाळी तुझ्या हातात बांगड्या राहिल्या नसत्या. म्हणून तू मधे यायचीस. सगळ्या भीती काढल्यास त्याच्या, आणि एक जपून ठेवलीस. तुला लागत होती ती.

मी तुझ्यावर खूप रागावले त्या दिवशी. त्याचा काय दोष? तू गेल्यावर हा कोणाच्या हातून खाणार याचा विचार केला नाहीस? मग लक्षात आलं, की तू हा विचार रोज करत असशील. त्याला धीट करावं तर तुझे हात मोकळे होणार, आणि तुझे हात भरलेले ठेवावेत तर तो भित्रा राहणार. अशा जागी ज्यांनी तुला आणून उभं केलं ते सगळे चांगले लोक होते. कोणी तुला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यांना फक्त कारण हवं होतं.

वाटीतलं तो खातो, पण मी खोलीत असले की नाही. वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाले, हातावर येणारा पक्षी असा कोपऱ्यात राहिला तर तग धरणार नाही. मी दोन दिवस तत्त्व धरून बसले. मग तुझ्या बांगड्या घातल्या.

तो लगेच आला. मनगटाला गाल घासला आणि खाल्लं, खूप खाल्लं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी दात आवळून बसले होते. ऑफिसात मैत्रीण म्हणाली, "काय गं, ठरलं वाटतं? पत्रकं आता कोण काढणार?" मी म्हटलं, पोपटासाठी आहेत. माझ्या तोंडून. तुझं वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मी जागच्या जागी गार पडले. ती मान डोलावून निघूनही गेली. किती सोपं आहे ते, अक्का. किती उबदार आहे. मी तुला भित्री म्हटलं होतं. त्या उबेत वर्षानुवर्षं बसून राहिल्यावर माणूस बाहेर येईल कसा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी मला अजून वाटतं की तू एकदा म्हणायला हवं होतंस. एकदाच. हे भांडण मी सोडलेलं नाही.

आता मी एकेक बांगडी कमी करते आहे. त्याचा तुरा खाली असेल तरच, आणि उठला की परत चढवते. रोज तेच काम, तुझ्या बांगड्या उतरवायचं. पण मला त्याला बांगड्यांपासून तोडायचं नाही. एका वेळी भरलेला हात, एका वेळी मोकळा, असं मी करणार आहे. त्याला दोन्ही चालले पाहिजेत. मनगटावर काय आहे यावर कोणाचं जेवण ठरू नये, एवढं तरी या खोलीत मी खरं करून दाखवीन. अजून झालेलं नाही. काल एकच बांगडी होती तेव्हा तो अर्ध्या दांडीपर्यंत आला, मान लांब केली, आणि परत गेला. मी हात तसाच धरून ठेवला, अवघडेपर्यंत.

वाचणाऱ्यांनो, माझं एक मागणं आहे आणि ते करण्यासारखं आहे. लग्नसराई चालू आहे. तुमच्या घरी बांगड्या भरायला कासार येईल, बाया ओट्यावर गोळा होतील, आणि नवरा गेलेली तुमची काकी, वहिनी, आई आपणहून आत निघून जाईल. तिच्या मागे जा. सगळ्यांसमोर ओढून आणू नका, भाषण देऊ नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला हव्यात का?" ती नको म्हणेल. पुढच्या वेळी पुन्हा विचारा, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा. खरंच नको असतील तर तेही तिचंच. आणि ज्या दिवशी ती हो म्हणेल त्या दिवशी तिच्याशेजारी ओट्यावर बसा, आणि कोणालाही तिला कारण विचारू देऊ नका.